कड्यातला थोरला

घाटात पहिला रस्ता फोडला, तेव्हाची गोष्ट. कापलेल्या कड्यापाशी हातोडी घेऊन ओगलेबाई आल्या. खडकांच्या थरांना नावं द्यायची, त्यांची वयं ठरवायची, हे त्यांचं काम. कड्यात एकच चुळबुळ सुरू झाली.

माथ्यावरचा काळा कातळ खालच्यांवर खेकसला, "गप्प बसा रे! मी सगळ्यांच्या वर, म्हणजे मीच थोरला. बाई, आधी माझं नाव लिहा."

बाईंनी त्याच्याखालच्या मातीच्या थरावर बोट ठेवलं. "तू एवढी लाल कशानं झालीस गं?"

"भाजून निघाले," माती म्हणाली. "हा उकळता रस होऊन अंगावर आला, तेव्हा मी इथंच होते."

बाईंनी वहीत तळापासून नावं लिहायला घेतली.

"मग मी एवढा वर कसा?" कातळ रडकुंडीला आला.

"अरे, खांद्यावर धाकट्यालाच बसवतात," माती म्हणाली.