आत सगळी आपलीच माणसं

दाराची कडी मोडकी ठेवायची आणि घरात काही घडलं की सगळ्यात गरीब माणसाला धरायचं, हे तुम्हाला छान जमतं.

इन्सुलिनचा डोस दहापट झाला आणि एक बाई गेली. हॉस्पिटलच्या संगणकात डोस वाढवणाऱ्याचं नाव होतं, सिस्टर कुंदा तायडे. "मी नाही केलं," एवढंच सिस्टर रडत सांगत होत्या. चौकशीत संचालक डॉ. खांडेपारकर म्हणाले, "संगणक खोटं बोलत नाही."

संगणक विभागातली यामिनी उठली. "सर, कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातच फट आहे. साधं लॉगिन असलेला कुणीही तिच्यातून अख्ख्या संगणकाचा मालक होतो आणि कुणाच्याही नावाने लिहू शकतो. दुरुस्ती करू द्या म्हणून मी किती मागे लागले."

"ती फट लोकल, म्हणजे आतूनच वापरता येणारी आहे, असं तूच म्हणालीस. आधी आत यावं लागतं. आणि आत सगळी आपलीच माणसं."

"मग सिस्टर कुणाच्या?"

"बडबड नको. करून दाखव."

यामिनी रिसेप्शनच्या साध्या लॉगिनने आत शिरली. थोड्या वेळाने तिने स्क्रीन सगळ्यांकडे वळवला. गेलेल्या बाईच्या नोंदीत डोस वाढवणाऱ्याचं नाव आता डॉ. खांडेपारकर होतं.

"हे मी केलेलं नाही," डॉक्टर ताडकन म्हणाले.

"सिस्टरही हेच म्हणत होत्या, सर. पण संगणक खोटं बोलत नाही ना?"

कोपऱ्यात टायपिस्ट घोडके सिस्टरच्या बडतर्फीचं पत्र सहीसाठी घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा सारखा केला.

"साहेब, पत्रात नाव बदलायचं का?"