तानूबायचे काळे दगड

हे दगड नीट बघा. आमच्या वहाळाचा, म्हणजे या ओढ्याचा, तळ जांभ्याचा, तांबडा. मग मधेच हे काळे, चपटे, शेकड्यांनी पडलेले दगड आले कुठून? पुरात वाहून आलेले नाहीत ते. पलीकडच्या घाटीवरून एका बाईने डोक्यावर आणले, असे सांगतात. आणि पाहुण्या बाई, नाक मुरडू नका. दगडाखाली जे वळवळतंय त्याच्याचसाठी आणले.

मी लवू तारी, खाडीतली होडी चाळीस वर्षं चालवली. आजीकडून ऐकलं तसं सांगतो.

फार पूर्वी इथे रंगोबा खोत होता. उपरणं नाकाला लावल्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस. एकदा मुलीच्या सोयरिकीला पाहुणे आले. तांब्यातल्या वहाळाच्या पाण्यात एक किडा निघाला, वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करतो तो. होणारे व्याही हसले आणि म्हणाले, "खोत, तुमच्याकडे पाण्यातच मांसाहार वाढतात वाटतं!"

एवढंच. पण खोताला ते झोंबलं. खाडीवरच्या भट्टीतून त्याने शिंपल्यांचा चुना आणवला आणि तीन दिवस वहाळात ओतला. माणसं लावून दगड काथ्याने घासून घेतले. पाणी दुधासारखं पांढरं झालं, वर मेलेल्या किड्यांचा थर तरंगला. मग चुना वाहून गेला आणि तळ लख्ख दिसू लागला. "आता कसा आरसा झाला!" खोत म्हणाला. स्वतःचं तोंड बघायला त्याला तेवढाच हवा होता.

त्याच्या घरी पाणी भरायला तानूबाय होती, वीस वर्षं. ती म्हणाली, "खोतानू, पाण्यातलो किडो मेलो की पाणी मेला."

"किड्यांची वकिली करतेस? तूही किडाच."

"मगे किड्याच्या हातचा पाणी तुमका कशाक होया?" तिने भरली घागर तिथेच ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. खोताला पुन्हा इथे किडा दिसेपर्यंत या वहाळाचं पाणी पिणार नाही, असा पण तिने त्या दिवशी केला म्हणे.

सहा महिन्यांत आरशाला बुरशी आली. दगडांवरचं शेवाळ खाणारं कोणी उरलं नव्हतं, ते हातभर वाढलं. पडलेली पानं कुरतडणारं कोणी नव्हतं, ती कुजली. खायला काही नाही म्हणून खाडीतले बोय मासे वर चढेनात. डबक्यांत डास तेवढे माजले, कारण त्यांची पिल्लं गिळणारे चतुरांचे किडेही चुन्यात गेले होते. घरोघरी ताप. खोत काय म्हणाला असेल? वास खालच्या वाडीतल्या लोकांचा आहे म्हणाला. अशा माणसांना अक्कल नसते, आवाज मात्र असतो.

तानूबाय रोज घाटी चढायची. पलीकडच्या ओढ्यातला एक दगड, खालच्या किड्यांसकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून डोक्यावर घ्यायची आणि ऊन तापायच्या आत इथे आणून ठेवायची. पावसाळ्यात घसरून तिचा घोटा मोडला. बरा झाला तो वाकडाच. तरी ती लंगडत जायची. खोत ओट्यावर बसून हसायचा, "दगड वाहण्यापलीकडे तिला येतंय काय?" पहिल्या वर्षी गावही त्याच्याबरोबर हसलं. आमचेच पूर्वज ते, पण खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या वर्षी खोताची बायको तापाने अंथरुणाला खिळली. घाण वासाचं पाणी तिच्या घशाखाली उतरेना. तानूबायच्या दगडांपाशी पाणी निवळलंय, असं तिने ऐकलं होतं. तेच तिने मागितलं. तिला हसलेले गडी तिच्याकडे मागायला जायला तयार होईनात. शेवटी खोत स्वतः तांब्या घेऊन उतरला. सारी वाडी काठावर जमली.

तानूबाय म्हणाली, "दगड उलटा करा. काय दिसता ता मोठ्यान सांगा."

खोताने पायाने दगड ढकलला.

"पायान नको. हातान."

खोत वाकला. हात पाण्यात घातला. दगडाखाली तीन शेपट्यांचे चपटे किडे सैरावैरा पळाले. एक वाळूची नळी त्याच्या बोटाला चिकटली.

"किडे," तो पुटपुटला.

"आयकाक नाय इला."

"किडे आहेत!" खोत ओरडला. तेव्हा कुठे तिने त्याचा तांब्या भरला. मग तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतः ओंजळभर प्याली आणि रडली. त्या संध्याकाळी किड्यांना पंख फुटले आणि वहाळातून पांढऱ्या पंखांचा धूर उठून खाडीपर्यंत गेला, असं सांगतात. खोतीण बरी झाली. खोताने मात्र नंतर विहीर खणून घेतली आणि मरेपर्यंत तिचंच पाणी प्याला.

आजही खोताच्या घराण्यात जो कर्ता होतो, त्याला दिवाळीनंतर इथे उतरून दगड उलटावा लागतो. "किडे आहेत" असं त्याने मोठ्याने सांगितल्याशिवाय गावातली एकही बाई कळशी बुडवत नाही. गेल्या साली शहरातून नवा कर्ता आला, रबरी हातमोजे घालून. ते आम्ही काढायला लावले. त्याने दगड उलटला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच काहीतरी म्हणाला.

सगळा गाव बहिरा झाला.




दुसऱ्यांदा मात्र तो खाडीपलीकडे ऐकू गेला.