पुसलेला फळा

“पण मग लोक बोलत का नाहीत, गुरुजी?”

भार्गवीने कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओसरीवर आपटला. नव्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यावर सरकारने लोकांची मतं मागवली होती. परदेशातून शिकून आल्या आल्या तिने हे काम अंगावर घेतलं. पाच गावांत सभा झाल्या. सगळीकडे नुसत्या माना डोलल्या. मुदत उद्या संपत होती.

दाजी गुरुजी वालाच्या शेंगा सोलत होते. “विचारलंस कसं?”

“एकेकासमोर पेन घेऊन उभी राहिले!”

“हं...” त्यांनी सूप तिच्याकडे सरकवलं. “सोल.”

“गुरुजी, मला वेळ कुठाय?”

“तिकडे शेंगा सोलायला शिकवत नाहीत वाटतं?”

ती हसली. बसली.

थोड्या वेळाने शेजारची हिरा आली. कालच्या सभेत ही तोंडाला पदर लावून गप्प बसली होती. तिनेही मूठभर शेंगा ओढून घेतल्या. तिघांच्या माना खाली.

“आमची शाळा बंद करून पलीकडच्या गावच्या मोठ्या शाळेत मिसळणार म्हणे,” हिरा जणू शेंगेलाच म्हणाली. “चांगलीच असेल ती. पण मधे ओढा आहे. माझी सुमी पाऊसभर घरी राहील. आणि घरी राहिलेल्या पोरीचं मग... लग्नच उरकतात. माझं उरकलं तसं.”

भार्गवीने झटकन पेन उचललं. “ताई, हे सभेत का नाही बोललात? परत सांगा ना!”

हिराने पदर तोंडाशी नेला. “छे गं... आम्हाला काय कळतंय.”

ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

भार्गवीला चौथीचा वर्ग आठवला. भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. गुरुजी प्रश्न विचारायचे, पाठ फिरवायचे आणि फळा पुसत राहायचे. तिचं पहिलं उत्तर तिने त्या पाठीलाच दिलं होतं.

“गुरुजी,” ती हळूच म्हणाली, “फळा तर आधीच पुसलेला असायचा.”

“असायचा.”

तिने पेन कागदांखाली सारलं. शेंग उचलली. मान खाली घातली.

“सुमी कितवीत आहे?” तिने शेंगेला विचारलं.

बराच वेळ नुसते दाणे सुपात पडत राहिले...

“तिसरीत,” हिरा म्हणाली. “पाढे असे म्हणते ना... ओढ्याचं काय आहे, सांगू का...”

भार्गवी ऐकत राहिली. सूप भरत आलं. शेंगा संपत आल्या.

गुरुजी गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“आत अजून एक टोपली आहे. आणतो.”