तिवरबंदरची पहिल्या हाकेची ओ

मी हाक मारली केतकीला आणि ओ दिली दुसऱ्याच कुणीतरी. तिथूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं.

मुंबईच्या पूर्वेच्या खाडीवर, उंच इमारतींच्या मागे अंग चोरून बसलेला तिवरबंदर कोळीवाडा आहे. केतकी, माझी कॉलेजातली मैत्रीण, फोटो काढायला एका होडीत उतरली होती. होडी धुक्यात शिरली आणि मला दिसेनाशी झाली. मी धक्क्यावरून तिचं नाव घेतलं. लगेच मागून जाळं विणणारी एक म्हातारी म्हणाली, "ओ." मग वरच्या खिडकीतून एका पुरुषाचा आवाज, "ओ." चहाच्या टपरीवरूनही एक ओ आली. मी दचकून मागे वळले. यांतली केतकी कुणीच नव्हती.

"घाबरलीस गो?" म्हातारी हसली. "येईल तुझी मैत्रीण. बस इथं. आमच्याकडं पाण्यावरची हाक आणि पाण्याकडं मारलेली हाक, दोन्हींना पहिल्या खेपेलाच ओ देतात. नाव कुणाचं का असेना."

या गुणामावशी वैती. पुढचं सगळं त्यांनी सांगितलं. मी मात्र अर्धं लक्ष धुक्याकडे ठेवून ऐकत होते.

पूर्वी इथे शहर नव्हतं, बेटं होती, आणि बेटांमधून भरतीचं पाणी खेळायचं. मग भराव घालायला सुरुवात झाली. घाटावरून, कोकणातून, कुठकुठून माणसं आली, बैलगाड्यांनी दगडमाती आणून खाडीत ओतू लागली. काठावर इतकी गर्दी झाली म्हणे, की कोण कुठला हे विचारणंच बंद झालं.

त्या काळी साऱ्या किनाऱ्यावर एक समज होता. बुडून मेलेला माणूस काठाला हाक मारतो, पण दोनदाच. तिसऱ्यांदा मारायला त्याच्यात श्वास उरत नाही. म्हणून पाण्यावरून हाक आली की तिसरीची वाट पाहायची. आधीच ओ दिली तर तो आपल्याला घेऊन जातो.

थंडीतल्या एका सकाळी, ओहोटीला, जानकू नावाची कोळीण खडकांवरची कालवं काढायला चिखलात दूरवर गेली. बरोबर नणंद होती, पारू. सातवा महिना, माहेरी आलेली, आणि डोहाळे कालवांचेच. धुकं दाट होतं. दोघी समुद्राकडे तोंड करून चालत होत्या. जानकूने सहज मागे पाहिलं, तर तिच्या पावलांच्या ठशांत पाणी भरत होतं आणि ते टाचेकडून येत होतं.

"ही खूण कळायला खाडीवर जन्मावं लागतं," गुणामावशी म्हणाल्या. भरती पुढून येते, बोटांकडून. पण आदल्या आठवड्यात भरावाने दोन बेटांमधली खिंड बुजवली होती. पाण्याने वाट बदलली, आणि ते काठ आणि या दोघींच्या मधून शिरत होतं.

दोघी उलट्या फिरल्या. काठ हाकेच्या अंतरावर असताना पारू मांडीपर्यंत रुतली. जानकूने ओढून पाहिलं, हातांनी चिखल उपसून पाहिला. उपसावा तेवढा पुन्हा भरे.

"वैनी, तू जा," पारू म्हणाली.

"गप. तुझी कालवं काय मी एकटीनं खाऊ?"

काठावर तिचा धाकटा दीर, पारूचा सख्खा भाऊ पोशा जाळं सांधत बसलेला असणार, हे जानकूला माहीत होतं. तिने त्याच्याच नावाने हाक मारली.

पोशाने ती ऐकली. वाड्याने ऐकली. पण आवाज धुक्यात असा फाटून आला की ओळखू येईना. पोशाने ओ निसटू नये म्हणून तोंडावर हात दाबला आणि वाट पाहत राहिला.

जानकूने दुसरी हाक मारली, तेव्हा भरावावर गाडी रिकामी होत होती. तिसरीलाही तेच. दगडांच्या आवाजात दोन्ही बुडाल्या. तिच्या हिशेबी तीन झाल्या होत्या, वाड्याने ऐकली होती एक. पाणी पारूच्या पोटाला लागलं.

"मग? वाचल्या का?" मला राहवेना.

"ऐक आधी. तुम्हा शिकलेल्यांना शेवट आधी हवा असतो."

पुढे पोशाने खाडीचं पाणी हातात घेऊन पहिल्याच हाकेला ओ देण्याची शपथ घेतली, आणि त्याच्यामागून सगळ्या वाड्याने. आजही तिवरबंदरात नवी सून आली की तिला हळदीच्या अंगाने या धक्क्यावर आणतात. होडीतून कुणीतरी भलतंच नाव घेऊन हाक मारतं, आणि तिने पहिल्याच हाकेला ओ द्यायची असते. दिली की ती वाड्याची झाली. पण ही ओ मुळात वाड्याची नव्हे, असं गुणामावशी जरा खाली बघूनच म्हणाल्या. ती आम्ही दुसऱ्याकडून घेतलेली.

कारण पाणी पारूच्या छातीशी आलं, तेव्हा जानकूने चौथी हाक मारली. या खेपेला तिने पोशाचं नाव टाकून दिलं. नाव असलेली माणसं येत नव्हती. "कोन असंल त्यानं ऐका," ती ओरडली.

वाड्याच्या हिशेबी ही दुसरी होती. वाडा गप्प राहिला.

भरावावर एक गाडी नुकतीच रिकामी झाली होती. घाटावरून चार दिवसांपूर्वी आलेला एक गडी बैलाच्या पाठीवर हात ठेवून दम खात उभा होता. त्याने समुद्र जन्मात पाहिला नव्हता. किती हाका मोजायच्या, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ओ," तो म्हणाला. "कुठं हायसा, बाई? बोलत ऱ्हावा, मी आलो."