दुसरी लाइन

"मग बाबा, चूक कोणाची?"

विश्रामने हे तिसऱ्यांदा विचारलं. तारबाबा बाज विणत होते. त्यांनी सुतळी ओढून घट्ट केली आणि पुढचा पेड शोधायला लागले.

वैनगंगेकाठच्या त्या लहानशा मठात विश्राम बोरकुटे भरदुपारी मोटरसायकल दामटत आला होता. तारबाबा म्हणजे एकेकाळचे टेलिफोनचे लाइनमन. नोकरी संपल्यावर मठात येऊन राहिले, पण नाव तारांचंच चिकटलं. खांबावर चढायला, तार जोडायला विश्रामला त्यांनीच शिकवलं. पुढे तो शहरात शिकला, एका मोठ्या दवाखान्याचा सर्व्हर सांभाळू लागला, आणि गुरूपेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात अशी त्याची खात्री झाली. कळतही होत्या म्हणा.

जंगलातल्या आरोग्य उपकेंद्रांमधून रोग्यांच्या हृदयाचे आलेख त्या सर्व्हरवर यायचे आणि डॉक्टर ते पाहून औषध कळवायचे. लाइन वरचेवर बंद पडायची. म्हणून विश्रामने त्याच सर्व्हरला दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइनही जोडली. नारळ फुटला, फोटो निघाले. पेढे घेऊन तो मठात आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "दोन घरचा पाहुणा उपाशी, बापू."

विश्राम तेव्हा हसला होता. म्हाताऱ्यांचं म्हणींवर भागतं, असं त्याला वाटलं होतं.

आज पेढे नव्हते. हातात एक कागद होता.

"हे बघा. सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी जैवंताबाईंचा आलेख आला. दोन एकोणीसला आमच्या सर्व्हरनं डॉक्टरांचं उत्तर पाठवलं. नऊ मिनिटांत. सगळं नोंदलेलं आहे."

"मग?"

"...ते पोचलंच नाही."

जैवंता मडावी ही उपकेंद्रातली नर्स. तिथे मोबाइल लागत नाही, छपरावरच्या डिशवर तेवढं इंटरनेट चालतं. समोर खाटेवर वनरक्षक पोचू नरोटे छाती धरून पडला होता. कुठलं इंजेक्शन द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायची तिला मुभा नव्हती. ती पाऊण तास मशीनच्या पडद्याकडे बघत बसली. तीन वाजता पोचू गेला.

"काहून नाही पोचलं?"

"त्या दिवशी पहिली लाइन रांगत होती. म्हणून बाईंच्या मशीननं दुसऱ्या लाइनीवर आलेख पाठवला. आमच्या सर्व्हरनं तो घेतला. पण उत्तर सोडलं पहिल्या लाइनीनं. पहिली जोडलेली असली की बाहेर जायला त्याला तेच दार ठाऊक. बाईंच्या मशीननं बघितलं, आपण विचारलं एकाला आणि बोलतोय दुसराच. परक्याचं म्हणून टाकून दिलं."

"तू तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं ना. पहिली लाइन काढून बघितलं. दुसरी बिनबोभाट चालली."

"आन् दोन्ही जित्या असताना?"

"दोन्ही चालू असताना काय तपासायचं... असं वाटलं."

बाबांनी सुतळी खाली ठेवली.

"उद्या चौकशी आहे," विश्राम घाईघाईने म्हणाला. "साहेब येणार. हा कागद पुढे केला की मी सुटलो. उत्तर गेल्याची नोंद आहे, म्हणजे बाईंनीच ते बघितलं नाही, असं होईल. तिची नोकरी जाईल. पण कागद काही खोटा नाही, बाबा. मी काय करू, सांगा."

बाबा गुडघ्यावर हात देत उठले. मागचं दार उघडून बाहेर गेले. नदीकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी बोलले. मग आत आले, बाजेपाशी बसले आणि पुन्हा सुतळी उचलली.

विश्राम वाट बघत राहिला.

"बाबा, मी काही विचारलं होतं."

"देल्लं ना उत्तर."

"कधी? मला काही ऐकू आलं नाही."

"मागच्या दारी देल्लं. पुरं देल्लं."

"पण मी तर इथं बसलोय..."

"टाइम लिहून घे कागदावर."

विश्रामने कागदावरची वेळ पुन्हा वाचली. दोन एकोणीस. तीन दिवस तो हा कागद उराशी धरून हिंडत होता, आणि तीन दिवस त्याला हे आतून ठाऊक होतं. त्याला स्वतःची किळस आली. तो तिथेच, बाजेच्या पायाला टेकून, लहान पोरासारखा रडला. बाबांनी त्याला रडू दिलं.

"जैवंताबाईंना काही माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "तिला वाटतं, आपल्याच हातून मशीन नीट चाललं नाही. अन्नाला शिवत नाही म्हणे."

"गेलता तिच्याकडे?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? गेलो तर पोचू परत येणार आहे का?"

"नाही येत."

"तिचं दुःख तरी हलकं होईल?"

"...नाही होत."

"माझं?"

बाबांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली.

"मग जाऊन उपयोग काय?"

"काही नाही."

आता तरी बाबा काही धीराचं बोलतील, निदान पाठीवर हात ठेवतील, असं विश्रामला वाटत होतं. बाबा पेड ओढत होते. उन्हं उतरायला लागली होती.

त्याने कागदाची घडी घातली. ती खिशात ठेवावी की नाही, हेही त्याला सुचेना.

"बाबा, एवढं तरी सांगा. उद्या साहेबांना काय सांगू?"

"साहेबानं कुठं इचारलं होतं, बापू? इचारलं त तिनं होतं."