तटबंदीतला खान

"उस्ताद, तट उत्तरेला वाढवू की पूर्वेला?"

दस्तगीर उस्तादांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते चहात बेकरीचं बटर बुडवत होते.

"उस्ताद, मी काहीतरी विचारतोय..."

"ऐकलं की. बहिरा न्हाई मी."

विचारणारा होता सौमित्र गुप्ते, पुण्याचा. कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळांतला मोठा गडी, निदान त्याच्या स्वतःच्या बोलण्यावरून तरी. मिरजेत उस्तादांच्या गेम पार्लरमध्ये आठवडाभर मुक्काम ठोकून होता. शिकायला आला होता म्हणे. पण आल्यापासून शिकणं कमी आणि आम्हालाच शिकवणं जास्त. टी-शर्टच्या पाठीवर स्वतःचंच नाव छापलेलं. ते बघून मला रोज नवी तिडीक यायची.

त्या दुपारी मात्र त्याचं तोंड सुकलं होतं.

राज्याच्या संघनिवडीचा शेवटचा सामना ऑनलाइन चालू होता. जिंकला तर संघात. हरला तर घरी. आणि घरी जाऊन सांगणार काय? या खेळापायी साहेबांनी चांगली नोकरी सोडली होती.

चिठ्ठीत त्याला स्टेपवरची भटकी टोळी आली होती. म्हणजे अफाट गवताळ माळ, घोडे, मेंढरं, तंबू आणि एक खान. समोर नागपूरची वैदेही टेंभुर्णे. तिच्याकडे बादशाही, आणि भलीमोठी फौज. ती फौज सौमित्रच्या राजधानीपासून दोन चालींवर येऊन ठेपली, आणि नेमकी मधली सुट्टी झाली.

"घोडे कुठायत?" उस्तादांनी विचारलं.

"आत, शहरात. सुरुवातीलाच मी हे शहर जिंकून घेतलं. राजधानी केली. तट बांधला, बुरूज बांधले. इतक्या लवकर बुरूज कुणाचेच होत नाहीत, उस्ताद."

"घोडे आत कशाला?"

"सुरक्षित राहावेत म्हणून."

"खातात काय?"

"कोठारातलं धान्य. म्हणजे... सध्या जरा कमी पडतंय."

"आणि बाहेर काय उगवतंय?"

"गवत."

उस्तादांनी बटर बशीत ठेवलं.

"दिवाळीत किल्ला करायचास काय रे?"

"हो!" सौमित्रचा चेहरा एकदम खुलला. "आमच्या सोसायटीत दर वर्षी पहिला नंबर."

"वाटलंच मला. मराठी पोराला खान करा न्हाईतर सुलतान करा, ते आधी माती कालवायला बसणार."

आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. सौमित्र नाही हसला.

"उस्ताद, चेष्टा पुरे. वेळ चाललाय. उत्तर की पूर्व?"

उस्ताद उठले.

"सरक."

आता इथला नियम सांगायला हवा. अख्ख्या सामन्यात प्रशिक्षकाला एकच हुकूम स्वतःच्या हाताने देता येतो, तोही मधल्या सुट्टीत. दिला की दिला, मागे घेता येत नाही. उस्तादांनी तो आजवर कुणासाठीच वापरला नव्हता. माझ्यासाठी तर नाहीच.

सौमित्र लगबगीने सरकला. त्याला वाटलं असणार, उस्ताद आता असा बुरूज उठवतील की वैदेही डोकं आपटून मरेल. मलाही तेच वाटलं.

उस्तादांनी माऊस धरला. राजधानीवर नेला. हुकमांची यादी उघडली. वाढवा, दुरुस्त करा, पहारा ठेवा... आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: जाळा आणि बाहेर पडा.

"उस्ताद?"

पडद्यावर प्रश्न आला. तुमची राजधानी कायमची नष्ट होईल. नक्की?

"उस्ताद, ते नाही! अहो, ते नाही, उस्ताद..."

टक्.

आई शप्पथ, माझ्या हातातला चहा माझ्याच पायावर सांडला आणि मला कळलंसुद्धा नाही.

शहर पेटलं. कोठार, तबेले, तो लाडका तट, ते बुरूज, सगळं धडाधड पेटलं. पार्लरमध्ये पाचसहा जण होतो. सगळे पडद्याजवळ झुकलो.

सौमित्र उभा राहिला. खाली बसला. परत उभा राहिला.

"काय केलंत हे?" आवाज फाटला त्याचा. "दोन चालींवर फौज आहे आणि तुम्ही... तुम्ही माझं घर जाळलंत! संपलं. नोकरी गेली, संघ गेला. तुमच्यावर विश्वास ठेवून आलो होतो मी!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मलाही उस्तादांचा भयंकर राग आला. पोरगं माजलेलं असेल, कबूल. म्हणून त्याचं असं वाटोळं करायचं?

उस्ताद परत आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

"माणसं किती मेली बघ."

"आता काय बघायचं राहिलंय..."

"बघ म्हणतो न्हवं."

सौमित्रने नाक पुसत पडद्यावर शोधलं.

"एकही नाही. सगळी बाहेर पडलीयत."

"घोडे?"

"तेही... बाहेर आहेत."

"मेंढरं? गाडे? तंबू?"

"आहेत. माळावर आहेत."

"मग तुझं घर कुठलं जळालं, मला तरी दाखव."

सौमित्रने माऊस ओढून घेतला.

सुट्टी संपली. समोरून वैदेहीचा निरोप आला: वेड लागलं का तुला?

तिची फौज आली. वेढा घालायला आली होती, पण घालणार कशाला? राखेला? कोठार जळालेलं. ती टोळीच्या मागे धावली, टोळी पुढे सरकली. ती थांबली, तेव्हा टोळीच्या घोडेस्वारांनी लांबून बाण मारले आणि पुन्हा पसार. उस्तादांनी एक शब्द सांगितला नाही. सौमित्र आपला आपण खेळत होता. पहिल्यांदा रडत, मग दात-ओठ खात, आणि मग नुसता खेळत.

त्याचे घोडे गवत खात होते. तिच्या फौजेला मात्र शिधा लागत होता, आणि तो मागे, फार मागे राहिला होता. बर्फ पडायला लागला, तशी तिची माणसं गळायला लागली. अरेच्चा, म्हटलं, हे तर उलटंच झालं!

मला कळायला अंमळ उशीरच झाला. टोळीचं शहर गेलं तरी शेवटचा घोडेस्वार पडेपर्यंत टोळी जिवंत. बादशाहीचं तसं नाही. शहरं गेली की बादशाही गेली. आणि वैदेहीची अख्खी फौज तर इथं माळावर उपाशी उभी होती. तिच्या शहरांत होतं कोण?

सौमित्रला ते माझ्याआधी कळलं. त्याने टोळी वळवली, फौजेला वळसा घातला, आणि तिच्या पहिल्याच शहराच्या वेशीत घोडे घातले. चार पहारेकरी होते. शहर पडलं.

पार्लरमध्ये असा आरडाओरडा झाला की शेजारचा सतारवाला काम सोडून डोकावला.

काय शहर होतं ते! निळे घुमट, बागा, कारंजी. धान्याने ठासून भरलेली कोठारं. आणि भोवती तट. असा तट की सौमित्रचा तो जळालेला त्याच्यापुढे कुंपण वाटावा.

पडद्यावर प्रश्न आला. लुटा. जाळा. वसवा.

बाहेर वैदेहीची फौज मागे वळली होती. उपाशी होती, पण अजून मोठी होती. दोन चालींत पोहोचली असती.

सौमित्रच्या माऊसचा बाण 'जाळा'वर गेला. तिथून हलला. हळूहळू 'वसवा'वर येऊन थांबला.

"उस्ताद..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "किती सुंदर आहे हो. आणि तट तयारच आहे. हे एवढं एक ठेवलं तर?"

आम्ही सगळ्यांनी उस्तादांकडे पाहिलं. हुकूम तर त्यांनी केव्हाच वापरून टाकला होता.

उस्तादांनी उरलेला चहा संपवला. कप खाली ठेवला.

"तुझं होतं ते मी जाळून दिलं, पोरा," ते म्हणाले. "हे तुझं न्हाई, नुसतं डोळ्यांत भरलंय... हे जाळायला तुला लई जड जाईल."