हौसाक्कानं केलेली कमानीची पाठवणी

फार फार वर्षं झाली. तेव्हा तिळगंगेच्या पुलावरून कोळशाचं इंजिन धूर सोडत जायचं आणि अलीकडच्या काठावर, वाघजळात, हौसाक्का राहायची. तिनं आपल्या म्हशीला हाक मारली की पलीकडच्या गावच्या म्हशीही नदीत उतरायच्या, असं म्हणतात. म्हणूनच कुठं जड ओझं हलवायचं असलं की दोर ओढणाऱ्यांना हाळी द्यायला तिलाच बोलवत. ती "हौ रे!" म्हणाली की सगळे हात एकदम ओढायचे.

पूल जुना, पहिल्या साहेबाच्या वेळचा. त्याच्या दोन खांबांमधल्या एकेका लोखंडी गाळ्याला गाव कमान म्हणायचं. मधली कमान गंजली, तेव्हा ती बाजूला सरकवून नवी बसवायचं ठरलं. काम होईतो गाडी पलीकडच्या स्टेशनात थांबणार होती. आणि नेमकी त्याच गाडीत हौसाक्काची लेक गोदू होती, पहिलटकरीण, दिवस अगदी भरलेले. नदी दुथडी, नावा बंद. पूल झाला तर लेक माहेरी, नाही तर परक्या फलाटावर बाळंतपण! लेकीची ओटी भरायला आणलेलं गाठोडं काखेत मारूनच हौसाक्का पुलावर उभी राहिली.

मुकादम बाजीबानं नव्या कमानीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. मग हौसाक्कानं हाळी दिली. दोर ताणले, पण जुनी कमान तसूभर हलेना. उन्हं चढली, गडी घामाघूम झाले.

"हाल की गं टवळे! निघ एकदाची!" बाजीबा दातओठ खात ओरडला.

ते ऐकलं आणि हौसाक्का चपापली. नवी येतेय म्हणून एवढा थाट, आणि जिनं जन्मभर गाड्या अंगावर घेतल्या तिला साधं कुंकूही नाही! ती स्वतःसुद्धा सकाळपासून नवीकडेच बघत होती.

"बाजीबा, तोंड आवर. लेकीबाळीला कुनी 'निघ' म्हनतं व्हय?"

तिनं गाठोडं सोडलं. हिरवा खण बाहेर काढताना हात जरा अडला; गोदूसाठी किती हौसेनं घेतला होता. पण तिनं तो कमानीला बांधला, तांदूळ, हळकुंड, नारळ वाहिला आणि पदरानं डोळे टिपले.

"लई केलंस बाई आमच्यासाठी. आता ये. सावकाश ये."

मग अशी हाळी दिली की पुलाचे खांब थरथरले. कमान पाळण्यासारखी अलगद सरकली, आणि जोराच्या भरात गडी मागच्या मागे एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले, असं म्हणतात.

दुपार कलायच्या आत नवी कमान बसली. गाडी आली. गोदू आईच्या गळ्यात पडली आणि तिन्हीसांजेला, आपल्या घरात, तिला मुलगी झाली. हौसाक्काला आनंद पोटात मावेना.

जुनी कमान मोडीत जायची होती. बैलगाड्यांवर चढवून ती नेत असताना गावच्या ओढ्याशी चाक मोडलं आणि कमान घसरली ती या काठापासून त्या काठापर्यंत नीट आडवी पडली. शहरातून माणसं आली, बैल आले, पण ती जागची हलेना. हौसाक्का नातीला थोपटत हसत सुटली.

"मीच तिला ये म्हनलं हुतं. आता कशाला जाईल ती?"

आजही वाघजळ त्याच कमानीवरून ओढा ओलांडतं. पहिलटकरीण लेक माहेरी आली की उंबरा चढण्याआधी कमानीची ओटी भरते. खण हिरवाच लागतो. आणि घरातून जुनं काही निघालं, मग तो म्हातारा बैल असो की मोडका पाट, बायका त्याला कुंकू लावून हौसाक्काच्या नावानं "ये हो" म्हणतात. म्हणून तर वाघजळातल्या एकाही माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही, असं म्हणतात.